गुणाकाराआधी विचारायचा प्रश्न

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या आणि गणिताचा तास घरात आला. काही घरांत तो मोबाइलच्या पडद्यावर आला, काही घरांत दूरदर्शनवरून आला, आणि असंख्य घरांत केवळ पाठ्यपुस्तकाच्या रूपाने आला. त्या काळातल्या शिक्षणाविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले. त्यातला बराचसा भर साधनांवर होता. मोबाइल किती मुलांकडे होता, रेंज कुठे मिळत होती, एकाच फोनवर तीन भावंडे कशी शिकली. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण त्यांच्या गर्दीत आणखी एक साधा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. जे घरी पाठवले गेले, ते घरी शिकण्याजोगे होते का?

या लेखात हा प्रश्न मी गणिताच्या एकाच घटकापुरता विचारणार आहे. तो घटक म्हणजे संयुक्त संभाव्यता, अर्थात दोन किंवा अधिक घटना मिळून घडण्याची संभाव्यता. हाच घटक निवडण्याला कारण आहे. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, भूमितीला निदान फळा आणि समोर उभे राहून आकृती काढणारे कोणीतरी लागते. संभाव्यतेला एक रुपयाची दोन नाणी, चार बटणे, एक पिशवी आणि भरपूर मोकळा वेळ एवढेच लागते. शाळेच्या पस्तीस मिनिटांच्या तासात दोनशे वेळा नाणी फेकून नोंद ठेवणे जमत नाही. घरात अडकलेल्या मुलाला ते एका दुपारीत सहज जमते. म्हणजे शाळा बंद असताना सर्वांत चांगला शिकता आला असता असा हा घटक होता. प्रत्यक्षात माझ्या पाहण्यात आलेल्या वह्यांमध्ये एकही फेक नव्हती. होती ती फक्त उदाहरणे, आणि शेवटी दोन ओळी ओढून लिहिलेले अपूर्णांक. दोष मुलांचा नव्हता, आणि मोबाइलचाही नव्हता. त्याचे मूळ आपण हा विषय मांडतो त्या पद्धतीत आहे, असे मला वाटते.

मोजणी शिकवली, गृहीत राहून गेले

बालभारतीच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या गणित भाग १ या पुस्तकात ‘संभाव्यता’ हे पाचवे प्रकरण आहे. यादृच्छिक प्रयोग, निष्पत्ती, नमुना अवकाश, घटना या संज्ञा त्यात क्रमाने येतात. दोन नाणी फेकली तर चार निष्पत्ती, दोन फासे टाकले तर छत्तीस. मग हव्या असलेल्या निष्पत्ती मोजायच्या आणि एकूण निष्पत्तींनी भागायचे. ही मांडणी नेटकी आहे. नमुना अवकाश आधी पूर्ण लिहून काढायची सवय ती लावते, आणि ही सवय मोलाची आहे. पुढे आयुष्यभर ती उपयोगी पडते.

पण या नेटकेपणात एक गोष्ट न सांगता गृहीत धरली जाते. दोन नाण्यांच्या चार निष्पत्ती समसंभाव्य आहेत, हे कशावरून? प्रत्येक नाणे सारखे आहे, म्हणून छाप्याची संभाव्यता १/२. इतके मान्य. पण त्यावरून ‘दोन्ही छापे’ची संभाव्यता १/४ आहे हे आपोआप निघत नाही. त्यासाठी आणखी एक विधान लागते: पहिल्या नाण्यावर काय पडले हे कळल्याने दुसऱ्या नाण्याविषयी आपल्याला नवे काहीच कळत नाही. यालाच आपण घटना स्वतंत्र असणे म्हणतो. हे विधान खरे असेल तरच १/२ ला १/२ ने गुणता येते. संयुक्त संभाव्यतेचा सारा जीव या एका विधानात आहे. गुणाकार तर पाचवीतल्या मुलालाही येतो.

बालभारतीच्या पुस्तकांत सशर्त संभाव्यता, गुणाकाराचा नियम आणि स्वतंत्र घटना यांची रीतसर ओळख अकरावीच्या गणितात होते. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत ती बारावीत होते. याचा अर्थ असा, की दहावीनंतर गणित सोडणाऱ्या विद्यार्थ्याला ‘या दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का?’ हा प्रश्न शाळेत कोणी विचारतच नाही. तो विद्यार्थी पुढे परिचारिका होतो, वकील होतो, बातमीदार होतो, विमा प्रतिनिधी होतो. या सगळ्यांना हा प्रश्न रोज पडायला हवा.

पाचशे फेकींचे एक उदाहरण

केंद्रीय अभ्यासक्रमाच्या नववीच्या गणितात ‘संभाव्यता’ हे पंधरावे आणि शेवटचे प्रकरण होते. त्याचा दृष्टिकोन प्रयोगाचा होता. नाणे फेका, फासा टाका, कोष्टक भरा, असे ते मुलांना सांगत असे. आपल्या शालेय पुस्तकांमध्ये हा प्रकार विरळा, म्हणून त्याचे कौतुक केले पाहिजे. त्यातले एक उदाहरण मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. दोन नाणी एकाच वेळी ५०० वेळा फेकली. दोन छापे १०५ वेळा, एक छापा २७५ वेळा आणि एकही छापा नाही असे १२० वेळा आले. तर प्रत्येक घटनेची संभाव्यता काढा. उत्तर सरळ आहे: ०.२१, ०.५५ आणि ०.२४. बेरीज १. उदाहरण संपले.

खरे तर ते इथे सुरू व्हायला हवे होते. एकूण छापे किती पडले ते मोजू. १०५ वेळा दोन-दोन म्हणजे २१०, त्यात २७५ मिळवले की ४८५. हजार नाण्यांत ४८५ छापे, म्हणजे निम्म्याच्या अगदी जवळ. नाण्यांवर संशय घ्यायला जागा नाही. आता जोड्या पाहू. नाणी स्वतंत्र असतील तर ५०० पैकी सुमारे १२५ वेळा दोन छापे, २५० वेळा एक छापा आणि १२५ वेळा एकही नाही, असे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात ‘एक छापा’ २७५ वेळा आला. पंचवीसचा हा फरक मोठा म्हणायचा की छोटा? गणित केले तर असे दिसते, की स्वतंत्र नाण्यांनीही इतका किंवा याहून जास्त फरक सुमारे ३५ ते ४० प्रयोगांत एकदा निव्वळ योगायोगाने पडू शकतो. म्हणजे अशक्य नाही, पण भुवई उंचावावी असा आहे. वर्गात यावर चर्चा झाली असती तर? नाणी एकत्र हातात धरून, हलवल्याशिवाय फेकली असतील का? नोंद घेणाऱ्याची चूक असेल का? की योगायोगच? प्रयोग पुन्हा केला तर काय दिसेल? एकेका नाण्याकडे पाहून काहीच कळत नाही, जोडीकडे पाहिले की प्रश्न उभा राहतो, हा धडा या आकड्यांत तयार होता. पुस्तकाने तो उचलला नाही.

पण याहून मोठी हानी पुढे झाली. कोविडच्या काळात मुलांवर आलेला ताण हलका करायचा म्हणून २०२२ मध्ये पुस्तकांतला मजकूर कमी करण्यात आला आणि नववीचे हे प्रकरण सबंध वगळले गेले. भार कमी करण्याचा हेतू योग्य होता. पण निवड पाहा. शाळा बंद असताना घरी बसून, शिक्षक समोर नसताना, विनाखर्च करता येईल असे जे प्रकरण होते, तेच शाळा बंद राहिल्याच्या कारणाने गेले. काय वगळावे हे ठरवताना ‘हे कोणत्या परिस्थितीत शिकता येते’ हा निकष लावला असता, तर यादीत त्याचा क्रमांक शेवटचा लागला असता.

दालांबेर यांचा हिशेब

काही शिक्षक म्हणतील, एवढी फेकाफेक कशाला? नमुना अवकाश नीट लिहिला की उत्तर मिळतेच. त्यांना मी अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये नेऊ इच्छितो. ज्याँ दालांबेर हे त्या काळातले थोर गणिती. १७५४ साली फ्रेंच विश्वकोशाच्या चौथ्या खंडात त्यांनी छापा-काट्यावर एक लेख लिहिला. प्रश्न असा: नाणे जास्तीत जास्त दोनदा फेकायचे, एकदा तरी छापा पडण्याची संभाव्यता किती? प्रचलित उत्तर होते ३/४. दालांबेर यांनी त्याला हरकत घेतली. पहिल्याच फेकीत छापा आला तर दुसरी फेक करायचीच नाही, म्हणून निष्पत्ती तीनच: छापा, काटा आणि मग छापा, काटा आणि मग काटा. तिनांपैकी दोन अनुकूल, म्हणून उत्तर २/३.

त्यांचा नमुना अवकाश अपुरा नाही. चूक आहे ती त्या तीन निष्पत्ती समसंभाव्य मानण्यात. पहिलीची संभाव्यता १/२ आहे, उरलेल्या दोघींची प्रत्येकी १/४. आपल्या वर्गातली मुले नेमकी अशीच चूक करतात. ‘दोन छापे, एक छापा, शून्य छापा, म्हणजे प्रत्येकी १/३’ हे उत्तर प्रत्येक शिक्षकाने कधी ना कधी तपासले असेल. इतक्या मोठ्या गणित्याकडून जे झाले, ते मुलाकडून झाले तर त्याच्या उत्तराला लाल रेघ मारून काय साधणार? शंभर डाव खेळून पाहिले की दालांबेर यांच्या हिशेबाने सुमारे ३३ वेळा हार व्हायला हवी, दुसऱ्या हिशेबाने २५ वेळा. शंभर डावांत निकाल कदाचित स्पष्ट होणार नाही. दोन हजारांत नक्की होईल: ६६७ की ५००?

आणि दोन हजार फेकी मिळवण्यासाठी बंद पडलेला वर्गच उपयोगी पडला असता. चाळीस मुलांनी आपापल्या घरी दोन नाणी पन्नास-पन्नास वेळा फेकायची आणि तीन आकडे शिक्षकांना कळवायचे. स्मार्टफोन नको, साधा फोन पुरे. तोही नसेल तर शेजारच्या मुलाबरोबर चिठ्ठी. कोणाचे ‘दोन छापे’ ८ वेळा येतील, कोणाचे १७ वेळा. प्रत्येकाला आपले काही तरी चुकले असे वाटेल. चाळीस घरांची बेरीज मात्र ५०० च्या आसपास येऊन थांबेल. एकेका घरातली अनिश्चितता आणि सगळ्या घरांतली नियमितता या दोन्ही गोष्टी मुलांना एकाच कोष्टकात दिसल्या असत्या. शिक्षकाला आणखी एक गंमत कळली असती. ज्यांनी नाणी न फेकताच आकडे लिहिले, त्यांचे आकडे बहुधा १२, २५, १३ असे शहाण्यासारखे आले असते!

चार बटणे आणि एक पिशवी

नाणी आणि फासे यांच्यात एक उणीव आहे. ते जवळजवळ नेहमीच स्वतंत्र असतात. ज्याने फक्त गोड पाणी चाखले आहे त्याला खारट म्हणजे काय ते कळत नाही. तसे ज्याने फक्त स्वतंत्र घटना पाहिल्या आहेत त्याला ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ कळत नाही. म्हणून दोन्ही प्रकार शेजारी ठेवले पाहिजेत.

एकाच मापाची चार बटणे घ्या, दोन लाल आणि दोन पांढरी. ती पिशवीत टाका. न बघता एक काढा, रंग लिहा, परत टाका, पिशवी हलवा आणि दुसरे काढा. दोन्ही लाल येण्याची संभाव्यता १/२ × १/२, म्हणजे १/४. आता तोच खेळ पहिले बटण परत न टाकता खेळा. पहिले लाल येण्याची संभाव्यता अजूनही १/२. पहिल्याचा रंग न बघता फक्त दुसऱ्याची नोंद ठेवली, तर तेही निम्म्या वेळा लालच निघेल. एकेकट्याने पाहिले तर काहीच बदललेले नाही. पण दोन्ही लाल येण्याची संभाव्यता आता १/२ × १/३, म्हणजे १/६ झाली. दोनशे वेळा खेळले तर पहिल्या प्रकारात सुमारे ५० वेळा, दुसऱ्यात सुमारे ३३ वेळा. पिशवीत एकच लाल आणि एकच पांढरे बटण ठेवून पाहिले तर गोष्ट आणखी ठसठशीत होते. प्रत्येक खेपेला लाल निघण्याची संभाव्यता १/२, आणि दोन्ही लाल कधीच नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे चिंचोके. कवड्यांऐवजी अर्धे केलेले चिंचोके टाकून खेळायचे पटावरचे खेळ आपल्याकडे जुने आहेत. अर्ध्या चिंचोक्याची एक बाजू पांढरी, दुसरी काळपट. तो पांढरा पडण्याची संभाव्यता किती, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. इथे ‘समसंभाव्य’ म्हणून सुटता येत नाही. आधी एकेक चिंचोका शंभरदा टाकून त्याची संभाव्यता अंदाजावी लागते. समजा एकासारखे एक निवडलेले चारही चिंचोके शंभरात सुमारे ४० वेळा पांढरे पडतात. मग चारही पांढरे पडण्याची संभाव्यता ०.४ चार वेळा गुणून सुमारे ०.०२६ येते, आणि चारही काळे पडण्याची ०.६ चार वेळा गुणून सुमारे ०.१३. दोनशे दानांत अनुक्रमे सुमारे ५ आणि २६. आता दाने टाकून पाहा. जुळले तर चिंचोके स्वतंत्र आहेत या समजुतीला बळ मिळाले. नाही जुळले तर कारण शोधा. हातात नीट खुळखुळवले नाहीत का? एखादा जास्त चपटा आहे का? विज्ञानात आम्ही जे करतो ते याहून वेगळे नाही. आधी गृहीत मांडायचे, त्यावरून भाकीत करायचे, मग मोजायचे.

गुणाकार चुकतो तेव्हा

हा सगळा खटाटोप परीक्षेतल्या दोन गुणांसाठी असता, तर मी लेख लिहिला नसता. इंग्लंडमधल्या सॅली क्लार्क यांची हकीकत शिक्षकांनी जाणून घेतली पाहिजे. त्यांची दोन तान्ही मुले १९९६ आणि १९९८ मध्ये दगावली. आईनेच ती मारली असा आरोप ठेवला गेला. १९९९ च्या खटल्यात एका नामवंत बालरोगतज्ज्ञाने साक्ष दिली, की अशा कुटुंबात पाळण्यातल्या बाळाचा अचानक, अनाकलनीय मृत्यू होण्याची संभाव्यता ८,५४३ मध्ये एक आहे. म्हणून दोन मृत्यूंची संभाव्यता या संख्येच्या वर्गात एक, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. सॅली क्लार्क यांना जन्मठेप झाली.

गुणाकार बरोबर आहे. पण तो करायला परवानगी कोणी दिली? दोन्ही बाळे एकाच आईबापांची, एकाच घरातली. एका मृत्यूमागे आनुवंशिक किंवा घरातल्या परिस्थितीतले कारण असेल, तर तेच दुसऱ्या बाळालाही लागू पडते. पहिला मृत्यू झाल्यावर दुसऱ्याची शक्यता बदलते, म्हणजे घटना स्वतंत्र नाहीत. २००१ मध्ये ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या आकड्याला जाहीर हरकत घेतली. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. त्यात आधी न्यायालयापुढे न आलेल्या वैद्यकीय पुराव्याचा वाटा मोठा होता. सॅली क्लार्क २००७ मध्ये वारल्या.

आणि आपली मुले घरी बसली होती ती कशामुळे? एका संसर्गजन्य रोगामुळे. समजा एखाद्या आठवड्यात कोणत्याही एका माणसाला लागण होण्याची संभाव्यता १/१०० आहे. मग चौघांच्या घरात चौघांनाही लागण होण्याची संभाव्यता १/१०० चार वेळा गुणून दहा कोटींत एक? आजूबाजूला सबंध घरे आजारी पडताना पाहिलेले मूल या उत्तरावर हसेल. एकाच खोलीत, एकाच हवेत राहणाऱ्यांच्या बाबतीत हा गुणाकार चालत नाही, हे त्याला कळते. तपासणीचेही तसेच. एखादी चाचणी शंभर बाधितांपैकी तिघा-तिघा दहांना चुकवते असे समजू, म्हणजे ३०. दोनदा केली तर फक्त ९ चुकतील का? चूक हाताळणीतल्या योगायोगाने होत असेल तर हो. पण नाकात विषाणूच अजून पुरेसा नसेल, तर पाठोपाठची दुसरी चाचणीही त्याच कारणाने चुकेल. स्वतंत्र आणि अवलंबी घटनांचा इतका जिवंत धडा घराघरांत घडत होता, आणि वहीत आपण ‘दोन फाशांवरील अंकांची बेरीज ७’ हेच उदाहरण सोडवून घेत होतो.

एक ओळ वाढवू या

बंदिवासात संभाव्यता शिकल्याचे एक उदाहरण इतिहासात आहे. दक्षिण आफ्रिकेतले गणिताचे अध्यापक जॉन केरिच एप्रिल १९४० मध्ये डेन्मार्कमध्ये असताना जर्मन फौजा तिथे शिरल्या आणि केरिच स्थानबद्ध झाले. छावणीतल्या रिकाम्या वेळात त्यांनी एका सोबत्याच्या मदतीने नाणे १०,००० वेळा फेकले. छापे पडले ५,०६७. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये त्यांचे प्रयोगांतून संभाव्यतेची ओळख करून देणारे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांच्याजवळ फळा नव्हता, वर्ग नव्हता. जे होते त्याला साजेसा अभ्यास त्यांनी निवडला.

अडचणी मला दिसतात. परीक्षेत प्रयोगाला गुण नाहीत. प्रयोगाचे उत्तर दर वेळी वेगळे येते, ते तपासायचे कसे? अभ्यासक्रम संपवायचा असतो. म्हणून मी मोठी मागणी करत नाही. संयुक्त संभाव्यतेच्या प्रत्येक उदाहरणात, गुणाकार करण्याआधी किंवा निष्पत्ती समसंभाव्य धरण्याआधी, मुलाने एक ओळ लिहावी: ‘या घटना स्वतंत्र मानल्या, कारण...’ कारण सुचले नाही तर तसे लिहावे. शिक्षकाने गुण द्यायचे ते या ओळीला. उरलेला हिशेब कोणीही तपासू शकेल.

शाळा अजूनही बंद पडतात, कधी अतिवृष्टीने, कधी निवडणुकीने, आणि सुट्टी तर दरवर्षीच येते. अशा वेळी गृहपाठ म्हणून ते पाचशे फेकींचे उदाहरण मुलांना द्यावे. दहा मुलांनी पन्नास-पन्नास वेळा दोन नाणी फेकावीत, नीट खुळखुळवून. ‘एक छापा’ किती वेळा आला ते बेरजेत पाहावे. २५० च्या जवळ की २७५ च्या? उत्तर काहीही आले, तरी शाळा उघडल्यावर वर्गात बोलायला भरपूर विषय मिळेल.